हबवरचा पहिला दिवा

६ ऑक्टोबर २००२, रविवार

आज घराला भोक पाडलं. तिबीने त्याच्या बापाचं ड्रिल माळ्यावरून उतरवलं आणि माझा त्रायान वारल्यापासून बंद असलेला तो घरघराट पुन्हा घरात आला. मी रागवायला हवं होतं. पण इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते, तो आवाज ऐकून बरं वाटलं.

“एकच भोक, आई.”

एक म्हणता म्हणता चार झाली. कपाटातल्या धुतलेल्या चादरींवर सिमेंटची पूड.

बेत असा आहे की आमच्या तिन्ही इमारतींतले कॉम्प्युटर वायरींनी जोडायचे आणि इंटरनेटची एकच जोडणी सगळ्यांनी वाटून घ्यायची. या सगळ्या वायरी एका पेटीत येऊन मिळणार. तिला हब म्हणतात. ती पेटी आमच्या घरातल्या बोळात बसवली, कारण आमचा जिना बरोबर मध्ये येतो आणि शंभर मीटरच्या पुढे वायरीतला निरोप दमतो म्हणे. पेटी कसली, बुटांच्या खोक्याचं झाकण. पुढे ओळीने खाचा, आणि वायर बसली आणि पलीकडे कॉम्प्युटर चालू असला की त्या खाचेचा एक हिरवा दिवा लागतो.

“पहिली खाच माझी,” तिबी म्हणाला.

पांदेलेकाका धावत आले. ते आमच्या इमारतीचे कारभारी, पूर्वी नदीवर बोट हाकायचे आणि अजून तसंच ओरडतात. “व्हालेरियाबाई, पोराने इमारतीची चाळण केली! उद्या पाऊस आत येईल!”

“काका, इटलीत तोरीनोला तुमच्या मुलीशी फुकट बोलता येईल,” तिबी म्हणाला.

काकांनी भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, “शिडी हवी असेल तर माझ्याकडे आहे.”

आमच्या या ब्रैला गावातून रोज कोणी ना कोणी इटलीची नाहीतर स्पेनची बस धरतं. माझा मुलगा भिंतीला भोकं पाडतोय. ज्याला जायचं असतं तो भोकं पाडत बसत नाही. आज शांत झोप लागेल.

१३ ऑक्टोबर

समोरच्या इमारतीवर वायर न्यायची कशी? मध्ये रस्ता आणि अक्रोडाची झाडं. तिबीने बापाचा मासे पकडायचा गळ मागितला. मी तो कोणाला हातही लावू देत नाही. दिला.

गच्चीवरून शिशाचं वजन बांधून दोरा फेकायचा, पलीकडे कोणी पकडायचा, आणि दोऱ्यामागून वायर ओढून न्यायची. पहिली फेक अक्रोडात अडकली. दुसरी कोणाच्या तरी वाळत घातलेल्या लेंग्यात. खाली अख्खी वस्ती जमली, आणि ब्रैलाच्या माणसाला गळ दिसला की तोंड बंद ठेवता येत नाही.

“ढील दे, ढील!”

“लेंगा लागला रे, सोड त्याला, लहान आहे!”

तिसऱ्या फेकीला दोरा पलीकडे गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिबीने वर पाहिलं, मला वाटतं बापासाठी. मी खिडकीत उभी राहून हसले आणि मग आत जाऊन रडले.

२७ ऑक्टोबर

तिसऱ्या मजल्यावरची कोरिना रोज संध्याकाळी येते. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे, हात अगदी स्थिर. तिबी तिला वायरीचं टोक बनवायला शिकवतोय. आत आठ बारीक तारा, त्यांचा क्रम चुकला की सगळं फुकट. तो म्हणतो, ती मागून म्हणते: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी... विणता विणता मलाही पाठ झालं.

“तू एवढं सगळं हिला कशाला शिकवतोस?” मी विचारलं.

“एकट्याने किती करू, आई?”

दोघांची डोकी दिव्याखाली अगदी जवळ होती. मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. मुलगी चांगली आहे. नवऱ्याने टाकली तिला, पण तो मूर्ख होता.

१७ नोव्हेंबर

चोर्बा, म्हणजे आमचं आंबट सूप, वाढून ठेवला आणि जेवायला हाका मारून घसा बसला. तिबी कॉम्प्युटरवर समोरच्या इमारतीशी लढाई खेळत होता. मी बोळात गेले आणि पहिल्या खाचेतली वायर उपटली. दिवा विझला आणि मुलगा उगवला.

“आई! वायर काढलीस?”

“चोर्बा निवतोय.”

तो आधी चिडला आणि मग हसत सुटला. “बाबांशी भांडलीस की आठवडाभर अबोला धरायचीस. आता तर तुला हत्यारच मिळालं!”

खरं आहे. मला भांडता येत नाही. राग आला की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. त्यावर उपाय नाही.

१५ डिसेंबर

तिबीने जुन्या भागांतून माझ्यासाठी कॉम्प्युटर जोडला आणि दुसऱ्या खाचेत माझी वायर बसवली. या वयात मी पत्र लिहायला शिकले, पत्र उघडायला शिकले, कानाला ते हेडफोन लावून बोलायलाही शिकले. प्रत्येक वायरीला त्याने चिकटपट्टी लावून आकडे घातले आहेत. वीज कडकडायला लागली की सगळ्या वायरी काढायच्या, थांबली की आकड्याला आकडा लावून परत घालायच्या.

“तू असताना मी कशाला शिकू?”

“मी बाहेर असलो तर?”

“बाहेर म्हणजे कुठे, बाजारात?”

तो वाकून चिकटपट्टी नीट करत राहिला. मग शेवटची खाच दाखवत म्हणाला, “ही जरा वेगळी आहे, आई. हिला हात लावायचा नाही, कारण...” तेवढ्यात मला भट्टीतला कोझोनाक आठवला. नाताळचा तो गोड पाव म्हणजे तान्हं मूल, एक क्षण नजर हटवायची सोय नाही. मी उठले.

फोनही बंद करून टाकला त्याने. “नेटवर्क असताना फोन कशाला?” बरोबरच आहे. घराचा खर्च बघणारा मुलगा झालाय.

८ जानेवारी २००३

तिबी स्पेनला जातोय. व्हॅलेन्सियाजवळ, संत्री तोडायला.

जेवताना बोलला. ब्रेड मोडत होता, माझ्याकडे बघितलं नाही. “तोडणीपुरतंच, आई. ईस्टरला परत.” बसच्या भाड्यासाठी त्याने स्वतःचा कॉम्प्युटर विकला आहे.

मी ताटं उचलली. बोळातून जाताना पाहिलं तर पहिला दिवा विझलेला होता.

११ जानेवारी

बस गेली. मी त्याला कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या सार्माल्यांचा डबा दिला. बोलायचं बरंच होतं, शेवटी “झाकण घट्ट लाव” एवढंच म्हणाले.

९ फेब्रुवारी

रविवारी पाच वाजता तो बोलतो. चित्र नाही, नुसता आवाज, पण आवाज त्याचाच. खोलीची मालकीण तिच्या कॉम्प्युटरवरून बोलू देते. नुरिया नाव तिचं. भली बाई दिसते, रविवारीही कुठे जात नाही, मध्येच काहीतरी विचारते, हसते. तिबी तिला भराभर स्पॅनिशमध्ये उत्तर देतो. आवाज तरुण आहे बाईचा. तिकडच्या उन्हाने माणसं टिकत असतील.

मी विचारलं, “जेवतोस ना?” म्हणाला, “नुरिया भात छान करते.” भाडेकरूला जेवायला घालणारी मालकीण! देव तिचं भलं करो.

१ मार्च

आज मार्तिशोर. लाल-पांढरा दोरा घरातल्या बाईला द्यायचा दिवस. तिबीने लहानपणापासून एकही चुकवला नाही. यंदा कुठला, असं म्हणत होते तेवढ्यात कोरिना दारात.

“मावशी, हा तिबीकडून. जाताना माझ्याकडे ठेवून गेला होता.”

“बघ, किती काळजी! जानेवारीतच घेऊन ठेवला.”

तिने मान खाली घातली. मी म्हटलं, “एवढी काय खाली बघतेस? ईस्टरला येतोय ना तो, तेव्हा मीच बोलते त्याच्याशी तुझ्याबद्दल.”

“नको, मावशी,” असं म्हणून ती पटकन गेली. लाजली.

दोरा मी हातात बांधला नाही. तिबीच्या खोलीत त्याच्या वायरीचं सुटं टोक लोंबतंय, त्याला बांधला.

२० एप्रिल, झावळ्यांचा रविवार

तो ईस्टरला येत नाहीये.

“आई, संत्री संपली. पण एक मुकादम मला बांधकामावर घेतोय, दोन वर्षांचा करार. मंगळवारी... म्हणजे पुढच्या मंगळवारी सही करायची आहे. आई? ऐकतेस ना?”

मी ऐकत होते.

“हे बघ, मी अजून हो म्हटलेलं नाही. तू आठवडाभर विचार कर. ईस्टरच्या दिवशी पाच वाजता बोलू. तू ये म्हणालीस तर सोमवारच्या बसने निघतो. शपथ. नुसतं ये म्हण. आई, काहीतरी बोल ना.”

माझ्या तोंडाला ते मेलं कुलूप लागलं. ईस्टरला येतो म्हणाला होता. मी त्याच्या गाद्या उन्हात घातल्या होत्या. मी उठले आणि माझी वायर उपटली. आवाज बंद झाला. मग बोळात जमिनीवर बसून रडले. वायर हातातच होती.

२३ एप्रिल

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. वायर परत बसवली आहे, पण पत्र लिहायला बसले की चारच शब्द होतात आणि तेही खोडते. हे तोंडानेच सांगायला हवं.

पांदेलेकाकांना जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली.

“बाई, मुलीने विचारलं तेव्हा मी म्हणालो, जा पोरी. मनात होतं, राहा. मोठेपणा केला. आता नातवाला आपली भाषा येत नाही. मी बोलतो आणि तो हसतो फक्त.” मग नेहमीसारखे ओरडले, “मनात असेल ते बोला! देवाने तोंड चोर्बा फुंकायला दिलंय काय?”

मी ठरवलं. ये म्हणणार. मान-अपमान गेला खड्ड्यात. आरशासमोर म्हणून बघितलं. ये. एकदा म्हटलं की सोपं जातं.

२७ एप्रिल, ईस्टर

आधी सकाळपासूनचं लिहिते, पाचला अजून अवकाश आहे.

अंडी छान लाल झाली आहेत. चर्चमधून आले, पांदेलेकाकांच्या अंड्यावर अंडं आपटलं, “ख्रिस्त उठला!” “खरोखर उठला!” माझं फुटलं. ज्यांनी अंडी आपटली ते पुढच्या जगात भेटतात म्हणतात. दोन चांगली अंडी वेगळी ठेवली आहेत. तिबी सोमवारी निघाला की आठवड्याच्या आत इथे.

मग बोळात गेले. सणाचा दिवस, सगळ्यांचे दिवे लागलेले, कोणी इटलीशी बोलतंय, कोणी पोर्तुगालशी. आणि पहिला तेवढा काळा. सणाला घराच्या मुलाचा दिवा विझलेला, मला बघवेना. मी त्याच्या खोलीतली वायर ओढून बोळात आणली. एक टोक पहिल्या खाचेत होतंच, दुसरं टोक, मार्तिशोर बांधलेलं, कुठेतरी बसेल म्हणून रिकाम्या खाचा बघत गेले. कुठेच उजेड पडेना. अगदी शेवटच्या खाचेत घातलं आणि पहिला दिवा लागला! जानेवारीनंतर पहिल्यांदा.

आणि नुसता तोच नाही. सगळेच दिवे इतके लखलखायला लागले, क्षणाची उसंत नाही. अख्ख्या ब्रैलाची मुलं एकदम बोलायला लागल्यासारखी. मी क्रूसाची खूण केली. हा शकुनच.

आता साडेचार. केस विंचरते. तो बघू शकत नाही, तरी.

रात्री

काहीच आलं नाही. पाचपासून कान लावून बसले. कॉम्प्युटर म्हणतो जोडणी नाही. दिवे तर सगळे चालू आहेत, कधी नव्हे इतके. सणामुळे गर्दी झाली असेल, सगळे एकदम बोलताहेत. पांदेलेकाका वर येऊन ओरडून गेले, तोरीनो लागत नाही म्हणून. समोरच्या इमारतीतूनही दोघे आले. मी पेटी दाखवली. म्हटलं, बघा ना, आपल्याकडे सगळं ठीक आहे.

कोरिना सणाला तिच्या आईच्या गावी गेली आहे. उद्या नक्की लागेल. तिबी पुन्हा प्रयत्न करेल, तो काही असा सोडणारा नाही.

२८ एप्रिल

नाही. फोन करायला टपाल कचेरीत गेले तर सणाची सुट्टी. काकांच्या फोनवरून करायचा म्हटलं तेव्हा कुठे लक्षात आलं, माझ्याकडे त्याचा नंबरच नाही. गरजच पडली नाही कधी.

संध्याकाळी व्हॅलेन्सियाची बस सुटली असेल. देवा, मी ये न म्हणताच बसला असेल तर?

२९ एप्रिल

कोरिना दुपारी आली. पिशवी हातात, तशीच बोळात गेली. पेटीकडे बघितलं, वायर बोटाने चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि मार्तिशोरपाशी थांबली.

“मावशी, ही कोणी घातली?”

“मी. तिबीचा दिवा लागावा म्हणून.”

तिने हळूच शेवटच्या खाचेतलं टोक काढलं. लखलखाट थांबला. दिवे नेहमीसारखे, एक इथे, एक तिथे, लुकलुकायला लागले. जिन्यात वरून कोणीतरी ओरडलं, “आलं! आलं!”

कोरिनाने मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. या पेटीत एकाने बोललेलं सगळ्यांना जातं. एकाच वायरीची दोन्ही टोकं तिच्यात घातली की तोच निरोप एका टोकाने बाहेर जातो, दुसऱ्याने आत येतो, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. शेवटी तिच्यात दुसऱ्या कशाला जागाच राहत नाही. तिन्ही इमारतींचं ईस्टर मी बंद पाडलं होतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग माझा कॉम्प्युटर टिंग करून वाजला. पत्र. आज सकाळचं.

“आई, रविवारी दोन तास बसलो. काल पुन्हा बसलो. बस सुटेपर्यंत वाट पाहिली. तू नव्हतीस. तू वायर काढलीस, समजलो. तुझा राग मला माहीत आहे आणि तुझ्यावर माझा नाही. तुला ये म्हणायचं नव्हतं, आणि राहा म्हणवत नव्हतं, असंच ना? आज सही केली. ख्रिस्त उठला. तिबी.”

मी काढली नव्हती. मी जोडली होती.

कोरिना म्हणाली, “मावशी, मी लिहिते त्याला, काय झालं ते.” मी म्हटलं, लिही. मी उठून तिला जागा दिली. तिने लिहिलं आणि मग बराच वेळ माझ्या शेजारी बसून राहिली. जाताना म्हणाली, “तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तिबी कदाचित...” आणि थांबली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. दोष माझाच आहे. दुसऱ्या कोणाचा असणार? एक शब्द बोलायचा होता, आणि त्याची वाट मीच माझ्या हाताने बुजवली.

४ मे, रविवार

पाच वाजता तिबी बोलला. मी कुलूप लागू दिलं नाही. आधीच ठरवून बसले होते.

“आई! कोरिनाचं पत्र वाचलं. अगं, चूक माझीच. त्या शेवटच्या खाचेचं तुला नीट सांगायला हवं होतं.”

“तू सांगत होतास. माझाच पाव भट्टीत होता.”

तो हसला. मागे नुरियाबाई काहीतरी म्हणाल्या, हळू, त्याच्या अगदी कानाशी असल्यासारख्या, आणि त्याने त्यांना शू केलं.

“आई, एक विचारू? त्या दिवशी तू काय म्हणणार होतीस?”

तो श्वास रोखून होता. इतक्या लांबून, वायरीतून, मला ते ऐकू आलं. सही झालेली आहे. दोन वर्षं. आता मनातलं सांगितलं तर ते पोरगं रोज विटा उचलताना तेच उचलत बसेल. काका काहीही म्हणोत.

“राहा म्हणणार होते,” मी म्हटलं. “दुसरं काय म्हणणार? कामधंदा आहे, राहा. पोटभर जेव.”

“खरंच?”

“मी कधी खोटं बोलते का?”

त्याने इतका मोठा श्वास सोडला. “मला वाटलंच होतं! मी हिला सांगितलं होतं, माझी आई तशी नाही म्हणून!” आणि मागून मालकीणबाई खुदकन हसल्या. परक्या बाईला केवढा आनंद झाला. असतात अशी माणसं.

मग म्हणाला, त्यानेही लाल अंडं करून ठेवलंय, माइकवर आपटू या. मी जपून ठेवलेल्या दोनांतलं एक आणलं. त्याने तिकडून आपटलं, मी इकडून.

“ख्रिस्त उठला, आई!”

“खरोखर उठला.”

“कोणाचं फुटलं?”

“माझं,” मी म्हटलं.